गोळी कुठे लागली?

साळवीसाहेबांना काहीही सांगायला जा, सगळं ऐकून घेऊन ते शेवटी एकच प्रश्न विचारायचे, "गोळी कुठे लागली?" जहाजाचा पंप बंद पडो, कुणाचं लग्न मोडो, कुणाच्या मुलाचा प्रवेश हुको, प्रश्न तोच. मला तो पहिल्यांदा विचारला तेव्हा मी सिंगापुरात नवा होतो आणि जहाजदुरुस्तीच्या कामावर त्यांच्या हाताखाली नुकताच लागलो होतो. एका मालवाहू जहाजाचं काम का रखडलं, हे मी त्यांना हवामानापासून सुरुवात करून सांगत होतो. माझा दम संपेपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, "हे सगळं धावपळीचं झालं. गोळी कुठे लागली?"

शेवटी माझ्या तोंडातून निघालं, "कंत्राटदाराने चुकीच्या मापाचं बेअरिंग मागवलं."

"एवढंच ना? मग बरोबर मापाचं मागवा आणि जेवायला चला."

बरेच दिवस मला वाटत होतं की ही त्यांची बोलायची लकब आहे. माणूस दिसायला अगदी बेताचा. बुटका, सडपातळ, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि ऊन असो पाऊस असो, हातात लांब दांड्याची काळी छत्री. तो खरोखरचा शिकारी आहे हे कळलं तेव्हा मला धक्काच बसला. मी पुण्याचा, पक्का शाकाहारी. घरात झुरळ निघालं तरी बायकोला हाक मारणारा. आपला साहेब दर वर्षी रजा टाकून जनावरं मारायला जातो हे ऐकून मी दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोललो. त्यांच्या ते लक्षात आलं असणार, पण त्यांनी मला समजवायला वगैरे घेतलं नाही.

त्यांचं गाव रत्नागिरीकडचं. आजोबांकडे पीक राखण्यासाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. रानडुकरं भाताची नासाडी करत, म्हणून ती. ठासणीची बंदूक पुन्हा भरायला वेळ लागतो, त्यामुळे पहिली गोळी चुकली तर जखमी डुक्कर थेट अंगावर. आजोबांनी नातवाला नेम शिकवला तो असा, दुसरी संधी नाहीच असं धरून. पुढे साळवीसाहेब बोटीवर गेले, चीफ इंजिनिअर झाले, मग सिंगापुरात किनाऱ्यावरची नोकरी घेऊन क्वीन्सटाउनच्या जुन्या वस्तीत फ्लॅटमध्ये राहिले. इथे घरात बंदूक कसली, काडतुसाचं रिकामं टरफल ठेवायचीही सोय नाही. त्यामुळे त्यांची रायफल न्यूझीलंडला असायची. ग्रॅहम नावाचा त्यांचा जुना बोटीवरचा सोबती तिथे मेंढ्या पाळून होता, त्याच्या कुलपात. एप्रिलमध्ये तिकडे थंडी पडायला लागते, तांबड्या हरणांचे नर डोंगरात डुरकायला लागतात, आणि साळवीसाहेब रजेचा अर्ज टाकतात, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक होतं. उरलेलं वर्ष ते छत्रीवर काढायचे.

छत्रीवर म्हणजे अक्षरशः. एकदा आम्ही मराठी मंडळी पोराबाळांसकट प्राणिसंग्रहालयात सहलीला गेलो होतो. हरणांच्या कुंपणापाशी ढोकळा वाटणं चाललं होतं आणि कुणीतरी सहज विचारलं, "साहेब, नेम नक्की कुठे धरतात हो?" झालं. छत्री खांद्याला लागली. "पुढचा पाय दिसतोय? त्याची रेघ धरून वर चढायचं. छातीच्या खालच्या कडेपासून एक तृतीयांश उंचीवर थांबायचं. तिथे काळीज, आणि त्याच्या भोवती फुप्फुसं. जरा इकडेतिकडे झालं तरी जनावर तडफडत नाही. तिरकं उभं असेल तर गोळी शिरते कुठे ते बघायचं नाही, पलीकडच्या पायापर्यंत पोचते का ते बघायचं."

"आणि डोक्यात? सिनेमात तर डोक्यातच मारतात."

"डोकं सारखं हलतं. थोडं चुकलं की जबडा जातो. जबडा गेलेलं जनावर मरत नाही, उपाशी राहतं." त्यांनी छत्री खाली घेतली नव्हती. "किती दिवस, ते त्यालाच माहीत."

ढोकळ्याची ताटली माझ्या हातात तशीच राहिली. एवढ्यात तिथला रखवालदार लगबगीने आला. "अंकल, दिस वन कॅनॉट लाह! अंब्रेला डाउन, कॅन?" साहेबांनी तत्काळ छत्री जमिनीला टेकवली आणि त्या पोरगेल्या रखवालदाराची दोनदा माफी मागितली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. बंदूक हातात नसली तरी रोखलेली दिसता कामा नये." त्या दिवशीपासून मी त्यांच्याशी पुन्हा नीट बोलायला लागलो. या माणसाने माझ्यापेक्षा जास्त वेळ जनावराच्या दुखण्याचा विचार केला होता, हे माझ्यासारख्यालाही दिसत होतं.

घरात एकही शिंग नाही, कातडं नाही, जनावराशेजारी बसून काढलेला फोटो नाही. मांस ग्रॅहमच्या घरी आणि त्याच्या शेजाऱ्यांत वाटलं जायचं. काही वर्षी ते एकही गोळी न झाडता परत यायचे. वारा फिरला, उजेड कमी पडला, जनावर नीट उभंच राहिलं नाही, अशी कारणं आनंदाने सांगायचे. वहिनी म्हणायच्या, "एवढं तिकीट काढून हे हवा खायला जातात. हवा काय इथे ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर नाही?" पण बॅग भरताना एक गोष्ट त्या न विसरता वरच्या कप्प्यात ठेवायच्या. आजोबांची पितळी कुपी, फिरकीच्या झाकणाची, रिकामी.

ती कुपी मी पहिल्यांदा चांगी विमानतळावर बघितली. मी त्यांना सोडायला गेलो होतो आणि ते बॅगेचा वरचा कप्पा उघडून ती आहे ना याची खात्री करून घेत होते. मी विचारलं तर म्हणाले, "जनावर पडलं की त्याच्या तोंडात पाणी घालायचं. आमच्याकडची रीत आहे. आजोबा पळसाच्या पानाने घालायचे."

"गंगेचं?"

"गंगेचं कशाला? तिथल्या ओढ्याचं भरून घेतो. जन्मभर जे प्यायलं तेच पाणी. त्याला तहान लागलेली असते हो, पुण्य नको असतं."

"पण साहेब, मेल्यावर पाणी घालून काय उपयोग?"

"आपल्याकडे माणसाला घालतात, तेव्हा विचारता का उपयोग काय म्हणून?" असं म्हणून त्यांनी मला छत्री दिली. ती ते विमानात नेत नसत. परत येईपर्यंत ती माझ्या टॅम्पिनीसच्या घरी दाराआड उभी असायची.

पटवर्धनची गोष्ट इथेच सांगायला हवी. तांजोंग पगारला एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेला, चाळिशीतला, उमदा गडी. त्याने आफ्रिकेत शिकारीला जायचं ठरवलं आणि साहेबांना सल्ला विचारायला आला. म्हणजे सल्ला घ्यायला नव्हे, आपण कुठली प्रचंड मॅग्नम रायफल भाड्याने घेतोय ते सांगायला. साहेबांनी सगळं ऐकलं. म्हणाले, "तुमच्या खांद्याला सोसेल ती घ्या. मोठी बंदूक धक्का मोठा देते. दोनदा धक्का बसला की तिसऱ्यांदा घोडा दाबायच्या आधीच माणूस डोळे मिटतो, खांदा आखडतो आणि गोळी मागे सरकते. मी तीनशे आठचीच रायफल वापरतो, मधल्या ताकदीची. हरणाला ती पुष्कळ झाली. चुकीच्या जागी लागलेली गोळी मोठी असली म्हणून बरोबर होत नाही."

पटवर्धनने मान डोलावली आणि जी घ्यायची तीच घेतली. परत आल्यावर त्याने आपल्या कॉन्डोतल्या फ्लॅटवर सगळ्यांना जेवायला बोलावलं. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर फोटो चालू होते. पिळाच्या शिंगांचं देखणं जनावर, शेजारी हसणारा पटवर्धन. लोक वाहवा करत होते. साहेबांनी ताटातून मान वर केली.

"गोळी कुठे लागली?"

"पहिली जरा मागे लागली, पोटात. मग गाडीतून शोधलं. दुसऱ्या दिवशी सापडलं. पण काय धूड होतं साहेब!"

"रात्रभर होतं म्हणजे."

"हो, म्हणजे, असणार."

साहेब अर्धवट ताट बाजूला ठेवून उठले, हात धुतले, वहिनींना नुसतं बघून खूण केली आणि दोघं निघून गेले. पटवर्धन खजील झाला, मग चिडला. पुढे कित्येक वर्षं दोघांचं बोलणं नव्हतं. साहेब फार ताठ वागले असं माझंही मत झालं होतं आणि मी ते त्यांना बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "चूक कुणाचीही होईल. फोटो कसा काढवला त्याच्याने?"

साहेब निवृत्त झाले, तरी एप्रिलची वारी चुकली नाही. मग एका वर्षी मार्चमध्ये वहिनींचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "या खेपेला तुम्ही जाल का हो यांच्याबरोबर?"

"मी? वहिनी, मला मासळीबाजारातून चालत जाता येत नाही."

"बंदूक धरू नका तुम्ही. नुसते सोबत असा." त्यांचा आवाज वेगळा वाटला. का ते विचारलं तर म्हणाल्या, "त्यांनी सांगू नको म्हणून शपथ घातलीय. तुम्ही जा, एवढंच."

मी गेलो. साहेबांना आनंद झाला असं म्हणवत नाही, पण नाही म्हणाले नाहीत. वाटेत विमानात त्यांनी चहा घेतला नाही, सूप घेतलं नाही. उजवा हात बहुतेक वेळ जाकिटाच्या खिशात. थंडी वाजत असेल असं मला वाटलं.

त्या डोंगरातली ती सकाळ मला आजही जशीच्या तशी दिसते. खाली ओढा, पलीकडे गर्द झाडी, मध्ये मोकळा गवताचा उतार. साहेबांनी ओढ्यावर कुपी भरून खिशात ठेवली. मग पिशवीवर रायफल टेकवून ते पालथे पडून राहिले आणि मला शेजारी दुर्बीण देऊन बसवलं. ऊन वर यायच्या सुमारास झाडीतून एक नर बाहेर आला. एवढं राजबिंडं जनावर मी आयुष्यात बघितलेलं नाही. तो आडवा उभा राहिला, अगदी छत्रीने दाखवायचे तसा. साहेबांनी नेम धरला. पुन्हा मान खाली घातली. पुन्हा धरला. मला मनातून वाटत होतं की आता ते नेहमीसारखं काहीतरी कारण काढतील, वारा फिरला म्हणतील, आणि आम्ही हसत खाली उतरू.

आवाज झाला. जनावराने पाठीची कमान केली, पोट आत ओढलं, आणि ते झाडीत घुसलं.

साहेब तसेच पडून होते. मान न वळवता त्यांनी मला विचारलं, "गोळी कुठे लागली?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना उत्तर माहीत नव्हतं आणि ते खरंच विचारत होते. मी म्हणालो, "मला काय कळणार, साहेब?"

"पाठ वर काढली का त्याने?"

"हो."

त्यांनी कपाळ रायफलच्या दस्त्यावर टेकवलं.

उतारावर जाऊन बघितलं तर गवतावर काळपट रक्त होतं आणि त्यात हिरवट, चघळलेल्या चाऱ्याचे कण. फुप्फुसाला लागलं असतं तर रक्त लालभडक आणि फेसाळ असतं, हे मलाही एव्हाना पाठ झालं होतं. हे पोट होतं. मी लगेच झाडीकडे निघालो तर त्यांनी मला दंडाला धरून मागे ओढलं. "आत्ता गेलो तर ते जिवाच्या आकांताने पळत राहील. थांबलो तर जवळपास बसेल. थांबायचं." ते खडकावर बसले. तेव्हा मी त्यांचा उजवा हात बघितला. तो गुडघ्यावर आपला आपण थरथरत होता, आणि तो लपवण्याइतकं भान आता त्यांना राहिलं नव्हतं.

"कधीपासून?"

"वर्ष झालं."

"मग कशाला आलात, साहेब?" माझा आवाज चढला होता. मला त्यांचा राग आला होता आणि रडूही येत होतं.

"पालथा पडलो की हात थांबायचा. रोज घरी बघत होतो. हॉलमध्ये पालथा पडून, छत्री रोखून. अगदी स्थिर." ते हाताकडे बघत होते, दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसे. "छत्री हलकी असते हो."

आम्ही थांबलो आणि डोंगरावरून ढग खाली उतरले. पाऊस लागला तेव्हा साहेब ताडकन उठले, पुन्हा बसले, पुन्हा उठले. थांबलं तर रक्त धुऊन जाणार, निघालं तर जनावर दूर पळणार. आजोबांनी दिलेला नियम एकच होता, थांबायचं, आणि त्यात पाऊस धरलेला नव्हता. शेवटी ते निघाले. झाडीत शिरेपर्यंत सगळं गवत स्वच्छ झालं होतं. त्या दिवशी शोधलं, दुसऱ्या दिवशी ग्रॅहमचा कुत्रा घेऊन शोधलं, परतीचा दिवस उजाडला तरी ते ओढ्याच्या काठाने वाकून चालत होते. ग्रॅहमने त्यांना जवळजवळ उचलूनच गाडीत बसवलं. रायफल त्यांनी त्याला देऊन टाकली. कुपीतलं पाणी मात्र ओतलं नाही. विमानतळावर तपासणीच्या रांगेत मी त्यांना कुपी भरलेली दिसेल असं म्हणालो, तर म्हणाले, "एवढं चालतं. मी विचारलंय."

परत आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट कोणती केली, ते मला पटवर्धननेच सांगितलं. ते छत्री टेकत त्याच्या ऑफिसात गेले. तो मिटिंगमधून बाहेर आला तर हे उभे. म्हणाले, "माझीही मागे लागली. तुम्हाला निदान सापडलं होतं." आणि नमस्कार करून लिफ्टकडे वळले.

कंपवात आहे हे मग सगळ्यांना कळलं. औषधं सुरू झाली, हळूहळू चालणं गेलं. छत्रीची आधी काठी झाली, मग तीही कोपऱ्यात गेली. वहिनी त्यांना चाकाच्या खुर्चीतून इमारतीखालच्या मोकळ्या जागेत आणून बसवायच्या. मी गेलो की ऑफिसातल्या गोष्टी सांगायचो, मुद्दाम लांबण लावून, हवामानापासून सुरुवात करून. वाट बघायचो की आता विचारतील. ते नुसती मान हलवायचे. तो प्रश्न त्या डोंगरात संपला होता. ऑफिसात आम्ही एकमेकांना तो गमतीने विचारायचो, तेही मी बंद केलं. मात्र दर एप्रिलला ते मला एकच काम सांगायचे. "ग्रॅहमला फोन करा. काही सापडलं का विचारा. शिंगं, हाडं, काही." ग्रॅहम दर वेळी उतार पालथा घालायचा. काही सापडलं नाही.

शेवटी न्यूमोनिया झाला. गिळता येत नव्हतं म्हणून हॉस्पिटलात तोंडाने पाणी बंद होतं. त्या दुपारी मी गेलो तर डॉक्टरीणबाई नुकत्याच वहिनींशी बोलून गेल्या होत्या. आता त्यांना बरं वाटेल ते करा, चमच्याने थेंब थेंब पाणी द्यायला हरकत नाही, असं सांगून. याचा अर्थ काय ते वहिनींना सांगावं लागलं नाही. त्यांच्या पर्समध्ये पितळी कुपी होती. "घरच्या नळाचं आणलंय," त्या मला म्हणाल्या. "जन्मभर प्यायले ते." जन्मभर नव्हे, पण त्यांच्या संसारापुरतं ते खरं होतं.

त्यांनी चमचा भरला आणि साहेबांच्या ओठांशी नेला. ओठ कोरडे, पापुद्रे सुटलेले. पण ते मिटून घेतलेले.

"घ्या ना हो. तहान लागलीय तुम्हाला."

साहेबांनी डोळे उघडले. वहिनींकडे नाही, माझ्याकडे बघितलं. आवाज जेमतेम निघत होता. "आधी त्याला."

वहिनींनी चमचा तसाच धरला होता. "कोणाला" असं त्यांनी विचारलं नाही. मी त्यांच्या हातून कुपी घेतली. वऱ्हांड्यात खिडकीपाशी एक कुंडी होती, त्यात थोडं पाणी ओतलं. थोडा वेळ तिथेच उभा राहिलो, कारण आत जाता येईल असा चेहरा माझा झाला नव्हता. मग आत येऊन त्यांच्या कानाशी वाकलो.

"पाजलं, साहेब."

"सापडलं?"

"हो. ओढ्याच्या काठाला होतं, झाडाखाली."

ते बराच वेळ श्वास जुळवत राहिले. पुढे काय येणार हे मला ठाऊक होतं. हा प्रश्न पुन्हा त्यांच्या तोंडून ऐकायला मी इतकी वर्षं तरसलो होतो, आणि आता तो येऊ नये असं वाटत होतं.

"गोळी कुठे लागली?"

या प्रश्नाला कुणी खोटं उत्तर देऊन सुटल्याचं मी कधी बघितलं नव्हतं.

"खांद्यामागे," मी म्हणालो. "बरोबर जागी. जागच्या जागी गेलं असणार."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. पहिल्या दिवशी, माझा दम संपेपर्यंत बघत होते तसंच. त्यांना ते पटलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. मग त्यांनी तोंड उघडलं. वहिनींनी चमचा पुन्हा भरला. त्यांचाही हात थरथरत होता, पण पाणी सांडलं नाही.